ज्याला खुपतं तो येतो

१७ मार्च २०२५, सोमवार. पिंप्राळा, जळगाव

आज नवी वही, नवी खोली आणि, म्हटलं तर, नवा डोळा. तिन्हींचा आरंभ एकाच दिवशी व्हावा, हा योग पंचाहत्तरीला यायचा होता.

सकाळी डॉक्टर मृणालीबाईंनी माझ्या उजव्या डोळ्याच्या बुबुळाला पडलेलं भोक बुजवलं. भोक केवढं, तर सुईच्या टोकाएवढं, तेही खालच्या कडेला. पण त्यातून डोळ्यातलं पाणी झिरपत होतं. मी आपला समजत होतो, वय झालं, मन हळवं झालं, जुन्या कविता आठवल्या की डोळा भरून येतो. दोनांपैकी एकच डोळा का भरतो, हा प्रश्न चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारलेल्या माणसाला पडला नाही.

दोष माझाच. यावलकडे पुतण्याच्या शेतात गहू काढणं चाललं होतं. मी यंत्राच्या वाऱ्याच्या बाजूला उभा राहून चौथीच्या पुस्तकातली सुगीची कविता मनातल्या मनात चालीवर म्हणत होतो. कुसळ डोळ्यात गेलं. मोतीबिंदूच्या वेळची थेंबांची बाटली घरात उरलेली होती, ती घातली. दोन दिवसांत लाली गेली, इतकं गार वाटलं की आणखी आठ दिवस घालत राहिलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुरुजी, ते औषध दुखणं झाकतं आणि बुरशी पोसतं. म्हणजे बुबुळ वितळत होतं आणि मला गार वाटत होतं.

पण काय ही विद्या! टाके नाहीत, भुलीची सुई नाही. भोवतालचं कोरडं केलं, सुईच्या टोकावर डिंकासारखा एक थेंब घेतला, भोकावर ठेवला, वर मऊ लेन्स. वीस मिनिटं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढलं असं समजा, म्हणाल्या. मी हलू नये म्हणून मनात तिसरी-चौथीच्या सगळ्या कविता ओळीने म्हटल्या. पाचवीला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, झालं.

थेंब वाळून खडा होतो. खालची जखम भरून आली की सहा-आठ आठवड्यांत आपणहून गळतो. तोवर तो खुपणार. खुपू द्यायचा. चोळायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. तो आधी निघाला तर मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवावं लागेल, आणि बुरशी लागलेल्या डोळ्यात ते टिकेल याची खात्री नाही. डावा डोळा देवीच्या साथीत सहाव्या वर्षीच गेलेला. सगळी शिल्लक ती ही एवढीच.

मुलगी दिपमाला धुळ्याला शाळेत आहे. दहावीचे पेपर तपासायला आलेत, त्यामुळे तिला रविवारशिवाय सुटका नाही. तिच्या मैत्रिणीने ही खोली सुचवली. घरमालकीण यशोदाबाई, सगळे अक्का म्हणतात. डोळ्याच्या दवाखान्यात येणाऱ्यांना त्या खोली देतात. दवाखाना रिक्षाने दहा मिनिटं. बाई मूळच्या धुळ्याकडच्या, अहिराणी बोलतात. आल्या आल्या माझी औषधाची जादा बाटली त्यांनी फ्रीजमध्ये ठेवली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि मी वही काढलेली पाहून म्हणाल्या, मास्तर, कविता म्हनीसन डोया बरा व्हस का? मी पोटभर हसलो. मग भ्यालो, हसल्याने खडा हलला तर!

दहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका अशी ताकीद आहे. मी दहा ओळी लिहितो, डोळा मिटून बसतो, पुन्हा दहा लिहितो. पळवाटा काढू नका म्हणून मुलांवर ओरडणारा नवल गुरुजी तो हाच.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी ओट्यावर माणसं बसलेली दिसली. वाटलं, दळणाला आलीत. पण ती अक्कांकडे डोळे दाखवायला आली होती.

हा प्रकार मी लहानपणी पाहिला होता, पुढे विसरलो. अक्का मिठाच्या पाण्याने चूळ भरतात, लवंग चावतात, समोरच्याची मान मागे करतात, दोन बोटांनी पापण्या फाकवतात आणि जिभेचं टोक डोळ्यातून फिरवतात. एकदाच, वासरू चाटावं तसं. मग तळहातावर थुंकून दाखवतात: हे बघ, हे होतं. वेल्डिंगच्या दुकानातल्या माणसाच्या डोळ्यातून लोखंडाचा कण निघाला. जामनेरकडच्या एका बाईच्या डोळ्यातून कापसाच्या बोंडाचं फोलपट. ती बाई म्हणाली, तीन दिवस झोप नाही अक्का, आणि तिथेच भिंतीला टेकून झोपली. अक्का म्हणाल्या, झोपू दे तिला, तिचा नवरा घोरत असंल तो निराळा. सगळा ओटा हसला.

मला आई आठवली. खळ्यावरून आलो की ती असंच मला मांडीवर आडवं घ्यायची. तिच्या तोंडाला भुईमुगाचा वास यायचा. सत्तर वर्षं झाली. डोळा भरून आला, आणि लगेच घाबरून आरशात पाहिलं. अश्रूच होता.

अक्कांचे थोरले भाऊ सुकदेवभाऊ ओट्याच्या टोकाला दिवसभर उन्हाकडे तोंड करून बसतात. कापसाच्या वाती वळत असतात. दोन्ही बुबुळं पांढरी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. चेहरा मात्र इतका शांत की हेवा वाटावा.

दुपारी जेवताना अक्कांनी एवढंच विचारलं, खुपस का? मी म्हटलं, थोडं. त्या म्हणाल्या, अस्सं.

१९ मार्च, बुधवार

तपासणी. पिवळं औषध घालून निळ्या उजेडात पाहिलं. गळती नाही, सगळं कोरडं. डॉक्टरीणबाई खूश. मी मोठ्या तोंडाने विचारलं, फार खुपतं, एखाद्या जाणत्या हाताने जरा... त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. गुरुजी, डोळा म्हणजे वर्ग नव्हे, रोज झाडून घ्यायला! कोणाचंही बोट, पदर, फुंकर, काही लागता कामा नये. जीभ हा शब्द त्यांनी घेतला नाही. मीही अक्कांचं नाव काढलं नाही. ज्या घरी तिन्ही त्रिकाळ गरम जेवतो त्या घराची चहाडी कशी करायची? भीड पडली. तसं त्या बाईंनी मला बोटही लावलेलं नाही.

खुपणं वाढलं आहे. दुखणं वेगळं, हे वेगळं. दुखण्याला माणूस शरण जातो. हे सतत काहीतरी मागत असतं. पापणी मिटली की टोचतं, उघडली की टोचतं. दुपारभरात लक्षात आलं की ते चालीत येतं: दोन लहान, एक लांब, दोन लहान, एक लांब. कुठल्यातरी कवितेची चाल आहे. शब्द आठवेनात.

सुकदेवभाऊंशेजारी बसलो. विचारलं, तुमची नजर कशाने गेली? ते म्हणाले, ऑपरेशन बिघडलं म्हणे. मग वात वळता वळता हसून म्हणाले, पहिले भारी खुपे, मास्तर. आते काहीच खुपत नही.

२० मार्च, गुरुवार

दुपारी दीड ते चार हे घर मेल्यासारखं पडतं. बाहेर ऊन पांढरं झालेलं असतं, रस्त्यावर स्कूटरसुद्धा नसते, फक्त कूलरचं पाणी पडत राहतं. मी खाटेवर उताणा, डोळ्यावर छिद्रांची प्लास्टिकची वाटी, तिला चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या. डोळा लागला.

जाग आली तेव्हा वाटी छातीवर होती. चिकटपट्ट्या खाटेच्या लाकडी कडेला लावून ठेवलेल्या होत्या, दोन्हींत सारखं अंतर, सरळ. खोलीत लवंगेचा वास होता. दार लोटलेलं होतं, जसं मी लोटलं तसंच. अक्का दाराबाहेर जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

डोळा जागेवर होता. खडा जागेवर होता. खुपत होता म्हणजे होता.

चहाच्या वेळी मी धीर करून म्हटलं, अक्का, माझ्या डोळ्याला हात लावू नका. त्यांना राग आला नाही. उलट आईने हट्टी पोराकडे बघावं तसं बघितलं. म्हणाल्या, मी सोता कोनाले हात लावत नही, मास्तर. ज्याले खुपस, तो येस.

मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी कपाटातून पितळी डबी आणून दाखवली. पन्नास वर्षांत काढलेलं सगळं तिच्यात आहे. कुसळं, लोखंड, बारीक खडी, एका माशीचा पंख, केळीच्या दोऱ्याचा तुकडा. आणि एका बाजूला, कापसावर निराळे ठेवलेले, सात तुकडे. पारदर्शक, कडक, माशाच्या खवल्यासारखे. एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. मसुरीच्या डाळीहून लहान.

मी विचारलं, हे काय?

अक्का म्हणाल्या, हे डॉक्टर लोक आत विसरून जातात. त्यांना दिसत नाही. मना जीभले समजस.

मी विचारलं, ती माणसं कुठे आहेत?

आपापल्या घरी. एकानेही पुन्हा खुपतं म्हणून तक्रार केली नाही. हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. बाईच्या मनात काडीचं पाप नाही. तेच भयंकर आहे. सात डोळे वाहून गेले, आणि सातही घरांत लोक म्हणतात, ऑपरेशन बिघडलं.

सुकदेवभाऊंचे दोन धरून सात का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळीच दवाखाना. खड्याची एक कड उचललेली निघाली. पिवळ्या औषधात बारीक रेघ वाहताना दिसली म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंचा आवाज प्रथमच चढला. झोपेत चोळता का? वाटी लावता ना? मी म्हटलं, लावतो. दुसरा थेंब ठेवला, नवी लेन्स बसवली. म्हणाल्या, गुरुजी, तिसऱ्यांदा ठेवायला जागा उरलेली नाही. भोवतालचं बुबुळ कागदासारखं झालंय. हा निघाला तर मी तुम्हाला काही सांगू शकत नाही.

आज मात्र भीड सोडली, सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. आजच्या आज ती खोली सोडा, म्हणाल्या.

दिपमालाला फोन केला. ती म्हणाली, नाना, त्यांनी तुम्हाला हात लावला का? एकदा तरी? मला नाही म्हणावं लागलं. ती म्हणाली, रविवारी येते, घेऊनच जाते धुळ्याला, तोवर लॉजवर राहा, पण उगाच कुणावर आळ नको.

सामान भरायला अक्कांनीच मदत केली. धोतर घडी करून दिलं. भाकरी बांधून दिली. फाटकापर्यंत आल्या. मी रिक्षात बसताना फक्त चूळ भरल्याचा आवाज आला.

बस स्टँडजवळच्या लॉजवर आलो आहे. व्यवस्थापक झुलाल, माझ्याच तालुक्यातला निघाला. दाराला आतून कडी आहे, खिडकीला गज आहेत. आता भीती नाही.

दुसरा खडा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

२२ मार्च, शनिवार

झोपलो नाही. बसून राहिलो. दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागली असेल, दहा मिनिटं.

वाटी मांडीवर.

दाराची कडी आतून लावलेलीच. गज जागेवर. चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या टेबलाच्या कडेला लावलेल्या. सारखं अंतर, सरळ.

त्यांच्याकडे बघत बसलो. ही पद्धत मला माहीत आहे. वर्गात तक्ते लावताना मी अशाच पट्ट्या फाडून टेबलाच्या कडेला लावून ठेवत असे. चाळीस वर्षं. एक पट्टी दुसरीला चिकटू नये म्हणून.

अक्कांनी काही केलेलं नाही. कधीच नाही. त्या दाराबाहेर तांदूळ निवडत होत्या.

मी काढतो. वाटी काढून, मान मागे करून, मी वाट बघत पडतो.

झुलालला बोलावलं. म्हटलं, माझे हात बांध. तो हसला. म्हणाला, गुरुजी, लोक काय म्हणतील मला, म्हाताऱ्या मास्तरला बांधलं म्हणून? मग म्हणाला, आई गेल्यावर माझ्या बापाचंही असंच झालं होतं. चहा पाठवून दिला.

हातमोज्यासारखे पायमोजे घातले हातांत. दातांनी काढले. केव्हा काढले ते —

कविता आठवत नाहीत. एकही नाही. फक्त चाल. दोन लहान, एक लांब.

२३ मार्च, रविवार. सकाळी ९

दिपमाला साडेदहाच्या गाडीत बसते आहे. साडेबारा, फार तर एक. एवढंच काढायचं.

लिहिताना हात वहीवर राहतो, हे समजलं. म्हणून लिहितो. दहा ओळींची ताकीद गेली उडत.

हातातली औषधाची बाटली पहाटे संपली. दुसरी, न उघडलेली, अक्कांच्या फ्रीजमध्ये राहिली. दिपमालाला सांगितलं. ती म्हणाली, तासा-दोन तासांनी काय होतंय नाना, येताना मी घेते ना.

म्हणजे थांबता आलं असतं. हे इथे लिहून ठेवतो.

११.१०

रिक्षात. अक्षर हलतं आहे. दारात रिक्षा थांबवायची, हाक मारायची, बाटली हातात घ्यायची. उतरायचं नाही. रिक्षावाल्याला तसं तीनदा सांगितलं. तो म्हणाला, बाबा, मीच घेऊन देतो तुम्हाला, बसा तुम्ही. देवमाणूस.

११.३५

त्याने बाटली आणून दिली. गार. माझ्या मांडीवर आहे. काम झालं. चल म्हणायचं फक्त.

उतरलो.

११.५०

ओट्यावर बसलो आहे. माझ्यापुढे दोघं. एक केळीच्या बागेत कामाला जाणारी बाई, एक म्हातारा. सुकदेवभाऊंनी सरकून जागा करून दिली. विचारलंही नाही कोण आलं. अक्कांनी मला पाहिलं, पाण्याचा तांब्या पाठवला, पुन्हा कामाला लागल्या. बोलावलं असतं तर भांडलो असतो. अक्का, एकदा बोलवा ना, मला भांडता येऊ द्या.

फोन वाजतो आहे. दिपमाला. पारोळा सोडलं म्हणाली. आवाजात हसू आहे. तुमच्यासाठी मोठ्या अक्षरांचं कवितांचं पुस्तक घेतलं, म्हणाली. मी कुठे आहे ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

१२.०५

बाई गेली. जाताना हसत होती.

एकच पुढे.

उठ. रस्ता वीस पावलं. रिक्षावाला अजून उभा आहे, माझ्याकडे बघतो आहे. मी हात करणार आहे. आधी ही ओळ पुरी —

हा डोळा गेला तर पुस्तक नाही. दिपमालाचं तोंड नाही. ही वही नाही. मला सगळं समजतं आहे. मूर्ख नाही मी. मुलांनो, समजून उमजून —

किती गार वाटेल.

१२.२०

म्हातारा उठला. ओटा रिकामा. पांढरं ऊन.

अक्का चूळ भरताहेत. माझ्याकडे येत नाहीत. तिथेच बसल्या आहेत, हात मांडीवर. वाट बघत. चार हातांवर. चार हात मला सरकावं लागेल. सरकणार नाही.

एरंडोल आलं, फोनवर. नाना, ऐकू येतंय का, नाना. ठेवला.

लिहीत राहायचं. ती येईपर्यंत लिहायचं. काहीही. अ आ इ ई. यावल. गहू. आई. दोन लहान एक लांब. लिहितो तोवर हात वहीवर आहे. उजवा हात वहीवर आहे. हा बघ, लिहितो आहे. उजवा लिहितो आहे.

डावा